जादूगाराला जागा हवी

सदाशिव पेठेतल्या पुणे विद्यार्थी गृहाचं जुनं नाव अनाथ विद्यार्थी गृह. शिकायची इच्छा आहे पण पाठीशी कुणी नाही, अशा मुलांना १९०९ पासून या संस्थेनं छप्पर दिलं, पंगतीत बसवलं, शाळेत घातलं. खेड तालुक्यातल्या आंबेठाण गावचा, २४ मे १९२४ रोजी जन्मलेला रघुवीर भोपळे इथे राहून शिकला. तो मास्तर झाला असता, कारकून झाला असता, तरी संस्थेला समाधान वाटलं असतं. तो जादूगार झाला. पेठेतल्या त्या वसतिगृहातून निघालेल्या या माणसानं रशिया, जपान, इंग्लंड, आफ्रिका इथल्या रंगमंचांवर प्रयोग केले आणि ‘प्रवासी जादूगार’ हे पुस्तक लिहून ती भटकंती मराठीत आणली. २० ऑगस्ट १९८४ रोजी ते गेले. त्यानंतर त्यांचे चिरंजीव विजय रघुवीर आणि मग नातू जितेंद्र रघुवीर यांनी हाच व्यवसाय पुढे चालवला. एकाच घरात तीन पिढ्या.

हे तीन पिढ्यांचं सातत्य मला जितकं अभिमानाचं वाटतं, तितकंच काळजीचंही वाटतं. पुण्यात गाणं शिकायचं तर गल्लोगल्ली क्लास आहेत. तबला, कथक, अभिनय, चित्रकला यांना गुरू आहेत, परीक्षा आहेत, स्पर्धा आहेत. जादू शिकायची तर तुम्हाला त्या घरात जन्माला यावं लागतं, नाहीतर नशिबानं कुणी जादूगार भेटावा लागतो. मोबाइलच्या जमान्यात जादूचे प्रयोग कोण बघणार, असा प्रश्न हल्ली सारखा विचारला जातो. मला तो दुय्यम वाटतो. बघणारे आहेत. या कलेला शिकायला जागा नाही, तालमीला जागा नाही आणि आपल्या रंगभूमीच्या इतिहासातही जागा नाही, ही खरी अडचण आहे.

जादूगार नेमकं काय करतो, इथून सुरुवात करू. आपण सरसकट ‘हातचलाखी’ म्हणतो, पण हाताचं काम त्यात बरंच थोडं. जादूगार जिकडे बघतो तिकडे प्रेक्षक बघतो. जादूगारानं प्रश्न विचारला की प्रेक्षक त्याच्या चेहऱ्याकडे पाहतो. विनोदावर सभागृह हसलं की त्या दोन क्षणांत कुणाचाच पहारा नसतो. ‘आता नीट बघा हं’ असं तो म्हणतो तेव्हा काम बहुधा उरकलेलं असतं. फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने या मानसशास्त्रज्ञानं १८९४ मध्येच जादूगारांना प्रयोगशाळेत बोलावून या कौशल्याचा अभ्यास केला होता. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट यानं १९०० साली शाळकरी मुलांपुढे एक चेंडू दोनदा वर उडवून झेलला आणि तिसऱ्यांदा उडवल्याचा नुसता आविर्भाव केला. निम्म्याच्या आसपास मुलांनी तो चेंडू वर जाताना आणि हवेत विरताना ‘पाहिला’. डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, मनानं पाहिलं होतं. जादूगाराचं सगळं शास्त्र या एका प्रयोगात आलं.

आणि मग लोटा. जादूगार रिकामा लोटा उलटा करून दाखवतो, बाजूला ठेवतो, दुसरा खेळ करतो. परत येतो, लोटा उचलतो, त्यातून पाणी पडतं. पुन्हा रिकामा. आणखी एक खेळ, आणि पुन्हा पाणी. संपूर्ण कार्यक्रमभर हा लोटा ध्रुपदासारखा परत परत येतो आणि शेवटी शेवटी जादूगार त्याच्याकडे नुसता वळला तरी बालगोपाळ ओरडायला लागतात. भारतीय रस्त्यांवरून ही वस्तू जगभरच्या रंगमंचांवर गेली. परदेशी जादूगारसुद्धा तिला ‘लोटा’च म्हणतात आणि खेळाला ‘वॉटर ऑफ इंडिया’. युक्ती तशी साधी आहे. अवघड आहे ते केव्हा परत यायचं हे कळणं. ते पुस्तकात मिळत नाही. शंभर प्रयोगांत चुकून, विंगेत उभं राहून थोरल्याचं पाहून अंगात मुरतं. म्हणून शिकवणारा माणूस लागतो.

आपल्याकडे ही कला किती जुनी, याचा एक पुरावा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडतो. गौडपादांच्या मांडूक्यकारिकेवरच्या भाष्यात शंकराचार्यांनी जगाच्या मायिक स्वरूपाचा दाखला देताना एका जादूगाराचं वर्णन केलं आहे. तो आकाशात सूत फेकतो, आयुध घेऊन त्यावरून चढतो, दिसेनासा होतो, तुकडे तुकडे होऊन खाली पडतो आणि पुन्हा उठून उभा राहतो. खरा मायावी मात्र या सगळ्यात जमिनीवरच असतो. श्रोत्यांना हा दृष्टान्त चटकन कळावा इतका तो खेळ, निदान त्याची गोष्ट, लोकांच्या परिचयाची असणार. पुढे १८९० मध्ये शिकागोच्या एका वर्तमानपत्रानं भारतीय दोरीच्या खेळाची रसभरित हकिगत छापली आणि काही महिन्यांनी ती रचलेली असल्याची कबुलीही दिली. कबुली कुणी वाचली नाही. १९३४ मध्ये लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या जादूगारांच्या मंडळानं हा खेळ उघड्यावर करून दाखवणाऱ्याला पाचशे गिनींचं बक्षीस लावलं, ते कुणालाही जिंकता आलं नाही.

दोरीच्या खेळाच्या दंतकथेनं आपलं एक नुकसान केलं. जे खेळ आपले रस्त्यावरचे कलावंत खरोखर करत होते, त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं. टोपलीत मुलाला बसवून वरून तलवारी खुपसणं, कोयीतून आंब्याचं रोप उगवणं, तीन वाट्यांखालच्या गोळ्या फिरवणं. हे सगळं कुठे? तर मोकळ्या चौकात, चारी बाजूंनी लोक कोंडाळं करून उभे असताना. पडदा नाही, विंग नाही, प्रकाशयोजना नाही. अंगावर एक सदरा, समोर एक चादर, हातात डमरू आणि सोबत उलटसुलट उत्तरं देणारा ‘जमुरा’. रंगमंचावरच्या जादूगाराला फक्त समोरच्यांना फसवायचं असतं. रस्त्यावरच्या गारुड्याला पाठीमागच्यालाही फसवावं लागतं. कौशल्याची तुलना करायची तर मी रस्त्यावरच्याला वरचा मान देईन.

आपण मात्र त्याला भिकाऱ्यांत बसवलं. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं या मिषानं सार्वजनिक ठिकाणी पैसे मागणंसुद्धा भीक या व्याख्येत येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये याच कायद्याची अनेक कलमं दिल्लीपुरती रद्द केली, महाराष्ट्रात तो आजही आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सापाचा खेळ बंद केला. तो निर्णय योग्यच होता. पण ज्यांच्या टोपलीतून साप काढून घेतला त्या गारुड्याच्या हातातलं उरलेलं कसब कुठे आणि कसं वापरता येईल, याचा विचार कुणी केला नाही. गारुडी, बहुरूपी या भटक्या जमातींच्या मुलांनी आज वेगळे व्यवसाय धरले असतील तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्यांच्या आजोबांची ती वाट्या-गोळ्यांची सफाई कुठेही चित्रित न होता गेली, याचं मला वाईट वाटतं.

चौकातली जादू अशी संपत असताना बंद सभागृहातल्या जादूला वेगळाच वारस मिळाला. कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी १८९० च्या दशकात रंगवलेल्या काचांवरची चित्रं पडद्यावर हलती करून दाखवणारे खेळ सुरू केले. त्याला त्यांनी नाव दिलं ‘शांबरिक खरोलिका’. शंबरासुर म्हणजे मायावी विद्येचा राक्षस. म्हणजे नावातच जादू होती. आणि दादासाहेब फाळके तर चक्क जादूगार होते. एका जर्मन जादूगाराकडून ते जादू शिकले आणि आपल्या आडनावातली अक्षरं उलटसुलट करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं त्यांनी जादूचे प्रयोग केले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’नंतर ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ या त्यांच्या चित्रपटांतले चमत्कार पाहताना हे लक्षात ठेवावं. कंसाचं मस्तक धडावेगळं होऊन वर जातं, त्या दृश्यामागे जादूगाराचा हात आहे. तिकडे पॅरिसमध्ये जॉर्ज मेलिएस यानं १८८८ मध्ये थोर जादूगार रोबेर-हुदँ याचं नाट्यगृहच विकत घेतलं आणि तिथून तो सिनेमाकडे वळला. दोन्हीकडे वाट एकच.

चित्रपटानं जादूची मोठी आश्चर्यं उचलून नेली ती कायमची. माणूस उडणं, नाहीसा होणं, एकाचे दोन होणं यांत पडद्यावर आता नवल उरलेलं नाही. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात दिसू लागलं, आणि मग घरबसल्या पाहण्याची सवय लागली. आज तर मोबाइलवर कुणीही चित्रफितीत काहीही घडवू शकतो. यातून जादूगारानं काय शिकायचं? माझ्या मते एवढंच की कॅमेरा मध्ये आला की जादूची किंमत निम्म्यानं उतरते. ‘हे संपादन केलेलं असेल’ अशी शंका ज्या क्षणी मनात येते त्या क्षणी आश्चर्य मरतं. जादू समोर बसलेल्या माणसासमोरच जगते. त्याच्याच रुमालानं, त्याच्याच नाण्यानं, त्याच्याच मुठीत.

तरी मधल्या काळात जादूगारांनी उलटीच दिशा धरली होती: सिनेमाशी आकारानं स्पर्धा करायची. पी. सी. सरकार यांचं ‘इंद्रजाल’, गोगिया पाशा, के. लाल यांचे भव्य कार्यक्रम, झगमगते पोशाख, सहायकांचा ताफा, ट्रक भरून सामान. सरकार यांची कर्तबगारी मोठीच. ९ एप्रिल १९५६ रोजी बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात त्यांनी करवतीनं मुलीचे दोन तुकडे केले, ती उठायच्या आतच निवेदकानं कार्यक्रम आवरता घेतला आणि मुलगी मेली असं समजून लोकांनी बीबीसीचे फोन अडवून धरले. दुसऱ्या दिवशी लंडनभर त्यांचंच नाव होतं. ६ जानेवारी १९७१ ला जपानमध्ये दौऱ्यावर असतानाच त्यांना मरण आलं. पण त्यांच्यामागे जे आले त्यांनी बऱ्याचदा सरकारांची पगडी आणि पेट्या उचलल्या, त्यांची वेळेची जाण उचलली नाही. एवढा पसारा आज पुण्यासारख्या शहरात परवडतही नाही. भरत नाट्य मंदिर असो की टिळक स्मारक मंदिर, पेठेतली नाट्यगृहं सत्रावर मिळतात. आधीच्या कार्यक्रमाचं नेपथ्य उतरतं आणि पुढच्याचे लोक दाराशी उभे असतात, त्या अवधीत टनभर यंत्रसामग्री जोडून, तपासून खेळ उभा करणं हा जिवावरचा उद्योग आहे.

करवतीच्या खेळाबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. तो पहिल्यांदा लंडनमध्ये जानेवारी १९२१ मध्ये पी. टी. सेल्बिट यानं केला. बायका मतदानाचा हक्क मिळवत होत्या तो हा काळ. सेल्बिटनं जाहिरातीसाठी या चळवळीतल्या क्रिस्टाबेल पँखर्स्ट यांना पेटीत झोपायला येण्याचं आमंत्रणही दिलं होतं; अर्थात त्यांनी नाकारलं. शंभर वर्षं झाली तरी पेटीत बाई आणि करवत पुरुषाच्या हातात. आता हे पुरे झालं. कबुतरं आणि सशांचंही तसंच. खेळात प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते, पण नियम बाजूला ठेवला तरी भेदरलेलं कबुतर टोपीतून काढण्यात आजच्या मुलाला मौज वाटत नाही, त्याला त्या पाखराची दया येते.

पुण्यात जादूचा विचार करताना एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. इथल्या कार्यकर्त्यांनी जादूचा वापर लोकांना शहाणं करण्यासाठी केला. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचा कार्यकर्ता शाळेत जातो, नारळ पेटवून दाखवतो आणि लगेच पोटॅशियम परमँगनेट आणि ग्लिसरीनची गोष्ट सांगतो. पाण्यावर दिवा लावतो आणि मुलांच्या हातात कॅल्शियम कार्बाइड दाखवतो. हळदीत चुना मिसळून तिचं कुंकू करतो. बाबा-बुवा नेमकं हेच करतात, फक्त पुढचं वाक्य बोलत नाहीत. १९८९ मध्ये ही समिती उभी करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. सदाशिव पेठेतून चालत जावं इतक्या अंतरावर. जादूगार रघुवीर यांच्या निधनाचीही तारीख २० ऑगस्टच, हा केवळ योगायोग. पण दोन्ही नावं एकत्र मनात येतात खरी. डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि लोकांना फसवणं, दहशत घालणं हा त्यानुसार गुन्हा आहे.

काहींना वाटतं की या चळवळीनं जादूची मजा घालवली, गुपितं फोडली. मला हे पटत नाही. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यानं १५८४ मध्ये जादूच्या खेळांच्या युक्त्या पुस्तकात छापल्या, त्या चेटकीण ठरवून माणसं मारली जात होती म्हणून. जादूगार हूडिनीनं मृतात्म्यांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांना उघडं पाडण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घालवली. या बाबतीत चांगला जादूगार आणि कार्यकर्ता एकाच बाजूला असतात. रोबेर-हुदँ यालाही फ्रेंच सरकारनं १८५६ मध्ये अल्जीरियात पाठवलं होतं, तिथल्या धर्मपुरुषांच्या चमत्कारांपेक्षा मोठे चमत्कार दाखवायला. पण त्या खेळामागे राज्यकर्त्यांचा धाक होता, म्हणून मी त्याला या पंक्तीत बसवणार नाही. ‘मी तुम्हाला फसवणार आहे’ हे आधी सांगून फसवतो तो जादूगार. हे सांगणं ज्यानं सोडलं त्यानं धंदा बदलला.

म्हणूनच हल्ली वाढलेल्या मन ओळखण्याच्या खेळांकडे मी कौतुकानं आणि थोड्या धास्तीनं पाहतो. कौतुक अशासाठी की त्याला ट्रक लागत नाही. एक पाकीट, एक पेन, शंभर माणसं बसतील असं सभागृह पुरतं. उदयपूरच्या सुहानी शाह यांनी हेच काम इतक्या टोकदारपणे केलं की जुलै २०२५ मध्ये इटलीतल्या तोरिनो शहरी भरलेल्या जागतिक जादू स्पर्धेत त्यांना ऑनलाइन जादूनिर्मितीचा सन्मान मिळाला. पेटीत झोपणारी बाई आता मंचाच्या मध्यभागी उभी आहे, याचा मला मनापासून आनंद होतो. धास्ती अशासाठी की काही कलाकार आपली युक्ती लपवायला ‘देहबोली’, ‘मानसशास्त्र’ अशी नावं पुढे करतात, आणि प्रेक्षक घरी जाताना खरंच समजतो की डोळ्यांच्या हालचालीवरून माणसाच्या मनातला आकडा कळतो. नारळ पेटवणाऱ्या बाबाच्या जागी उद्या मन वाचणारा सल्लागार येईल. चलाखीला शास्त्राचा वेश देऊ नये.

पोटापाण्याचं गणित पाहिलं तर आजचा पुण्यातला जादूगार वाढदिवस, सोसायटीतला गणेशोत्सव, शाळेचं संमेलन, कंपनीचा समारंभ यांवर जगतो. वीस-तीस मिनिटांचा खेळ, मागे डीजे, समोर केक. त्यात पैसा आहे, कला वाढत नाही. कला वाढायला तिकीट काढून आलेला आणि दीड तास टक लावून बसणारा प्रेक्षक लागतो. तो नाही असं म्हणू नका. ‘अलबत्त्या गलबत्त्या’ हे रत्नाकर मतकरींचं जुनं बालनाट्य २०१८ मध्ये नव्यानं आलं तेव्हा आईबाप पोरांना घेऊन नाट्यगृहांबाहेर रांगेत उभे राहिले होते. त्यातल्या चेटकिणीला टाळ्या वाजवणारी मुलं जादूगाराला का वाजवणार नाहीत?

मग काय करावं? केरळमध्ये गोपीनाथ मुतुकाड यांनी १९९६ साली तिरुवनंतपुरमला जादूची अकादमी काढली, पुढे दिव्यांग मुलांना जादू शिकवून मंचावर आणलं आणि शेवटी त्याच कामासाठी व्यावसायिक प्रयोग थांबवले. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत, नृत्य आहे. तिथे जादूगाराला एक सत्र शिकवायला बोलावलं तर नटांनाच उपयोग होईल, कारण प्रेक्षकाची नजर कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही. हक्कांचाही प्रश्न आहे. नुसत्या युक्तीवर कायद्यानं मालकी सांगता येत नाही, पण अमेरिकेत २०१४ मध्ये टेलर या जादूगारानं गुलाबाच्या सावलीचा आपला खेळ ही नाट्यकृती आहे, हे न्यायालयात मान्य करून घेतलं. आपल्याकडेही खेळ संहितेसारखा लिहून ठेवायची सवय लागली, तर त्याला कर्ता मिळेल आणि तो शिकवताही येईल. आणि जतन? भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून याच पेठेत आहे. पेशवाईतला कागद जपणाऱ्या या पेठेत जादूगारांची हस्तपत्रकं, रंगीत पोस्टर, सामानाच्या याद्या, तालमीच्या वह्या जपणारं एखादं कपाट व्हायला काय हरकत आहे? रघुवीर यांची पिढी पाहिलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याशी बोलून घ्यायचं तर याच वर्षी-दोन वर्षांत.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत पाहिलेला एक खेळ माझ्या अजून लक्षात आहे. जादूगारानं पहिल्या रांगेतल्या एका मुलीला वर बोलावलं आणि लोटा तिच्याच हातात दिला. तिनं आत डोकावून पाहिलं, बोटं घालून पाहिलं, उलटा केला, हलवला. थेंब नाही. ‘रिकामा?’ त्यानं विचारलं. ‘रिकामा,’ ती ठासून म्हणाली. त्यानं तिच्याकडून लोटा परत घेतला, टेबलावर ठेवला, तिचं नाव विचारलं, शाळा विचारली, तिला टाळ्या द्यायला लावल्या. ती पायऱ्या उतरून जागेवर जाईपर्यंत सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. ती मात्र मान वळवून लोट्याकडे बघत चालली होती.